गुपचूप केलेली ढवळाढवळ किती पिढ्या पुरते?

रावपुरेकर
मंडळी, वडोदऱ्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत माझी उभी नोकरी गेली. त्यामुळे इराण आणि तेल एकत्र आले की बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. इराण-अमेरिका बोलणी सुरू होतात, फिसकटतात, पुन्हा सुरू होतात. कमाटीबागेत सकाळी फिरताना लोक एका वाक्यात निकाल लावतात : "इराणी हट्टी, त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही." मला हे पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

१९५१ साली इराणच्या मजलिसने, म्हणजे संसदेने, तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. तोवर ते तेल अँग्लो-इराणियन ऑइल कंपनीकडे होतं आणि तिच्यात मोठा हिस्सा खुद्द ब्रिटिश सरकारचा. आबादानची रिफायनरी तेव्हा जगातली सर्वांत मोठी. पंतप्रधान होते मोहम्मद मोसाद्देक. ब्रिटनने इराणी तेलाची नाकेबंदी केली, हेगच्या न्यायालयात धाव घेतली. जुलै १९५२ मध्ये न्यायालय म्हणालं, हे आमच्या अधिकारात बसत नाही. मोसाद्देकांनी ब्रिटनशी संबंध तोडले, दूतावास बंद झाला. तेहरानमध्ये बसून कारस्थान करायला जागाच उरली नाही, तेव्हा ब्रिटनने अमेरिकेला गळ घातली. ट्रुमन तयार नव्हते, आयझेनहॉवर झाले.

सीआयएचा कर्मिट रूझवेल्ट तेहरानला गेला. वर्तमानपत्रं, पुढारी, लष्करी अधिकारी, गल्लीतल्या टोळ्या, सगळीकडे पैसा पोचला. पहिला डाव १५ ऑगस्टच्या रात्री फसला आणि इराणचा राजा, म्हणजे शहा, बगदादमार्गे रोमला पळाला. १९ ऑगस्ट १९५३ ला दुसरा डाव साधला, शहा परत आला. मोसाद्देकांना तीन वर्षं कैद, मग अहमदाबाद नावाच्या गावी मरेपर्यंत नजरकैद. (हे अहमदाबाद तेहरानजवळचं, आपल्या शेजारचं नाही.) १९५४ साली तेलाची नवी वाटणी झाली : ब्रिटिश कंपनीला ४० टक्के, अमेरिकी कंपन्यांना ४० टक्के, उरलेलं शेल आणि फ्रेंचांना.

आता १९७९ बघा. क्रांती होऊन शहा पुन्हा परागंदा झाला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने त्याला उपचारासाठी न्यूयॉर्कला येऊ दिलं. वॉशिंग्टनला तो कॅन्सरचा रोगी दिसत होता. तेहरानच्या पोरांना १९५३ दिसत होतं : तेव्हाही शहा असाच पळाला होता, तेव्हाही दूतावासातून सूत्रं हलली आणि चार दिवसांत चित्र पालटलं. ४ नोव्हेंबरला त्यांनी दूतावास ताब्यात घेतला. ५२ माणसं ४४४ दिवस अडकून राहिली. अमेरिकेची आठवण इथून सुरू होते, इराणची २६ वर्षं आधीपासून. दोघं एकाच टेबलावर बसतात, पण दोघांच्या डोक्यात पहिलं पान वेगळं असतं.

ओलीस धरणं समर्थनीय होतं असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न असा : उघड लढाईपेक्षा अशी लपूनछपून केलेली ढवळाढवळ जास्त काळ टोचते का? आणि उशिरा का होईना, कबुली दिली तर फरक पडतो का?

मकरपुरा_एक्सप्रेस
काका, वाचतोय. पण उद्या कमाटीबागेत तुमच्याबरोबर फेरीला येणाऱ्यांनी चणे-फुटाणे बरोबर ठेवावेत, फेरी लांबणार.

विश्वामित्री
रावपुरेकर साहेब, घटनाक्रम बरोबर आहे. निष्कर्षाशी माझं वाकडं आहे.

१९५३ मध्ये मोसाद्देकांच्या विरोधात फक्त सीआयए नव्हती. आयातुल्ला काशानी आधी त्यांच्या बाजूने होते, नंतर फिरले. बाजार, धर्मगुरू, सैन्यातले राजनिष्ठ, सगळ्यांची आपापली कारणं होती. आणि आज त्या दुखऱ्या आठवणीचं भांडवल कोण करतंय? क्रांतीनंतर तेहरानच्या पहलवी रस्त्याला मोसाद्देकांचं नाव दिलं होतं. थोड्याच काळात ते पुसून रस्त्याचं नाव वली-ए-अस्र केलं. ज्या राजवटीला मोसाद्देकांचं नाव रस्त्यावर चालत नाही, तीच राजवट अमेरिकेला १९५३ ची आठवण करून देते. तक्रार खरी, पण तिचा मालक बदललाय. सत्तर वर्षांपूर्वीच्या गोष्टीने आजचे निर्णय ठरतात, हे मला भाबडेपणाचं वाटतं. निर्णय आजच्या हितसंबंधांवर ठरतात, इतिहास भाषणापुरता लागतो.

ज्यूबिलीबाग
विश्वामित्री, भाषणापुरता लागतो हे मान्य. पण भाषणात कुठली आठवण चालेल आणि कुठली पडेल, हे पुढाऱ्याच्या हातात नसतं. आठवण लोकांत जिवंत असेल तरच ती वापरता येते. मी शाळेत इतिहास शिकवते म्हणून तेहरान सोडून जरा आपल्या गावात येते.

मल्हारराव गायकवाड प्रकरण वडोदऱ्याच्या मराठी घरांत अजून निघतं. आमच्या आजेसासूबाई "पपनसाचं सरबत" एवढंच म्हणायच्या आणि पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असायची. नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगते. १८७४ मध्ये इथे कर्नल फेअर ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी होता. महाराजांचं आणि त्याचं बिलकूल पटत नव्हतं. दादाभाई नौरोजी तेव्हा दिवाण होते, त्यांनाही फेअरने धड काम करू दिलं नाही. २ नोव्हेंबरला महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता धाडला की हा माणूस इथून हलवा. ९ नोव्हेंबरला फेअरने तक्रार केली की आपल्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड आहे.

महाराजांना पकडून चौकशी आयोग नेमला. तीन इंग्रज : सर रिचर्ड काउच, मीड आणि मेलव्हिल. तीन आपले : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. आरोप नुसता विषाचा नव्हता. रेसिडेन्सीच्या नोकरांना पैसे चारून हेरगिरी करवली, हाही आरोप होता. आया, हवालदार, जमादार, सगळ्यांच्या साक्षी झाल्या. महाराजांनी बचावाला इंग्लंडहून बॅलंटाइन नावाचा नामांकित वकील आणला. निकाल काय? तिन्ही इंग्रज म्हणाले दोषी, तिन्ही हिंदी म्हणाले विषाचा आरोप सिद्ध नाही. तीन विरुद्ध तीन. मग सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून महाराजांना काढलं, मद्रासला पाठवलं. त्यानंतर कवळाण्याहून आलेला मुलगा गादीवर बसला. तेच आपले सयाजीराव.

आणि हे खास रावपुरेकर काकांसाठी : फेअरच्या जागी इथे पाठवलेला सर ल्युईस पेली आधी कुठे होता माहितीये? इराणच्या किनाऱ्यावर, बुशहरला. १८६२ पासून दहा वर्षं तो आखाताचा रेसिडेंट होता. ज्यांनी इराणी आखातात राजकारण कसं हलवायचं हे पक्कं केलं, तीच माणसं आपल्याकडे येत-जात होती. तेहरानची गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही.

तात्या_दांडियाबाजार
बाई, हे काही गुप्त प्रकरण नव्हे. आयोग बसला, वकील उभे राहिले, वर्तमानपत्रांत रकाने भरून आलं. सगळं उघड. शिवाय मल्हारराव काही साधुसंत नव्हते. आधीचे महाराज खंडेराव यांच्या वेळी स्वतः कैदेत होते, गादीवर आल्यावर लोकांना कसं छळलं याच्याही गोष्टी आमच्या घरात आहेत. ते गेले म्हणून सयाजीराव मिळाले. सक्तीचं शिक्षण, ग्रंथालयं, आजवा तलावाचं पाणी. मी तरी इंग्रजांना या एका बाबतीत दोष देणार नाही.

ज्यूबिलीबाग
तात्या, सयाजीरावांबद्दल तुमचा शब्द खाली पडू देणार नाही. पण तुमच्याच मुद्द्यातून माझा मुद्दा निघतो. गैरकारभारासाठी काढायचं होतं तर तसं पहिल्यापासून सांगता आलं असतं, त्यासाठी पुरावेही होते. सरबताचं प्रकरण मधे आलं आणि सगळा व्यवहार संशयित झाला. विष कुणी घातलं, घातलं होतं की नव्हतंच, नोकरांना साक्ष कुणी पढवली, यावर दीडशे वर्षं लोक बोलतायत. उघड भाग लोक विसरले, झाकलेला भाग लक्षात राहिला.

आणि "गेले म्हणून चांगले आले" हा हिशेब पुढच्याने मांडला तर शोभतो. करणाऱ्याने मांडू नये. शहाने इराणमध्ये रस्ते, शाळा बांधल्या, बायकांना मताचा हक्क दिला. तरी १९५३ पुसलं गेलं नाही.

इंदूरचा_पाहुणा
वडोदऱ्याच्या धाग्यात इंदूरकराने घुसायला परवानगी आहे ना? सयाजीराव लहान असताना तुमचा कारभार ज्यांनी पाहिला ते सर टी. माधवराव आमच्या होळकरांकडूनच तुमच्याकडे आले. तेव्हा आजच्या वडोदऱ्यात आमचाही वाटा धरा. इंदुरात रेसिडेन्सीचा भाग अजून त्याच नावाने ओळखला जातो, कोठी उभी आहे. १९२६ मध्ये आमच्या तुकोजीरावांनाही गादी सोडावी लागली, बावला खून प्रकरणानंतर. त्यावर वेगळा धागा काढतो.

मकरपुरा_एक्सप्रेस
नक्की काढा, पण पोहे-जिलेबी आणि शेव-उसळ यांवरून भांडण सुरू व्हायच्या आत.

हिमरेषा
मी गिर्यारोहण करते, म्हणून नंदादेवीबद्दल लिहिते. इथे थोडं वेगळं आहे, कारण या प्रकरणात आपलं सरकार स्वतः सामील होतं.

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने लोप नूरला अणुचाचणी केली. पुढच्या चाचण्यांवर नजर ठेवायची म्हणून सीआयए आणि आपली गुप्तचर यंत्रणा यांनी मिळून १९६५ मध्ये नंदादेवीवर प्लुटोनियमवर चालणारं उपकरण न्यायचं ठरवलं. मोहिमेचे नेते होते कॅप्टन एम. एस. कोहली. हवामान बिघडलं, उपकरण वरच्या तळावर बांधून मंडळी खाली आली. १९६६ च्या वसंतात परत गेले तर ते जागेवर नव्हतं. आजतागायत सापडलेलं नाही. हे देशाला कळलं १९७८ मध्ये, तेही एका अमेरिकी मासिकातून. मग मोरारजीभाईंना संसदेत निवेदन करावं लागलं.

७ फेब्रुवारी २०२१ ला नंदादेवीच्या भागातून वाहणाऱ्या ऋषिगंगेला पूर आला, दोनशेहून अधिक माणसं गेली. शास्त्रज्ञांनी कारण शोधलं : रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा तुटून कोसळला. तरीही रैणी गावात पहिली चर्चा झाली ती त्या हरवलेल्या यंत्राची. मी त्या भागात पूर्वी गेले होते तेव्हाही चहाच्या टपरीवर हाच विषय निघाला होता. अडाणीपणा म्हणून हे सोडून देता येत नाही. ज्यांना तेरा वर्षं काहीच सांगितलं नाही, त्यांनी सरकारच्या पुढच्या प्रत्येक खुलाशावर विश्वास का ठेवावा? चुकीच्या शंकेला त्या लोकांकडे खरं कारण आहे.

विश्वामित्री
हिमरेषा, उदाहरण चांगलं आहे. पण दोन गोष्टी बाकी राहतात.

पहिली, चिली. ११ सप्टेंबर १९७३ ला अय्येंदेंचं सरकार लष्कराने उलथवलं. त्याआधी सीआयएने तिथे वर्षानुवर्षं पैसा ओतला होता, हे अमेरिकी सिनेटच्याच समितीने १९७५ मध्ये छापलं. आज चिली आणि अमेरिकेचा मुक्त व्यापार करार आहे, संबंध उत्तम. मग गुप्त हस्तक्षेपाचं शल्य तिथे कुठे गेलं?

दुसरी, मालदीव. नोव्हेंबर १९८८ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी हाक मारली, आपलं सैन्य उघडपणे गेलं, बंड मोडलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी ३५ वर्षांनी तिथे "इंडिया आउट" म्हणत निवडणूक जिंकली गेली आणि आपली माणसं परत आणावी लागली. म्हणजे गुप्त असो की उघड, मोठ्या शेजाऱ्यावर संशय राहणारच. उगाच स्वतःला बोल लावून घेण्यात शहाणपण नाही.

शमिका_फतेगंज
विश्वामित्री काका, मी विद्यापीठात राज्यशास्त्रात एम. ए. करतेय, हाच विषय डोक्यात घोळतोय. तुमच्या दोन्ही उदाहरणांवर लिहिते, जरा लांब होईल.

मालदीवपासून सुरू करते. घोषणा २०२३ ची, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच अध्यक्ष मुइझ्झू दिल्लीत येऊन चलन अदलाबदलीचा करार करून गेले. एका वर्षात. कारण १९८८ मध्ये नक्की काय झालं यावर दोन देशांत वादच नाही. कोणी बोलावलं, कोण गेलं, कधी परतले, सगळं लिहिलेलं आहे. संशय आला, राजकारण झालं, ओसरला. इराणमध्ये हे सत्तर वर्षांत झालं नाही.

उघड युद्धाला शेवट असतो. तह होतो, कैदी परत होतात, नुकसानभरपाईवर घासाघीस होते, वकिलाती पुन्हा उघडतात. व्हिएतनामवर अमेरिकेने काय कमी बॉम्ब टाकले? तरी १९९५ मध्ये संबंध जुळले, कारण नेमकं कशावर बोलायचं हे दोघांना माहीत होतं : बेपत्ता सैनिक, सुरुंग, विषारी फवारा. गुप्त कारवाईला तहच नसतो. जे घडलंच नाही असं एक बाजू म्हणते, त्याच्यावर तह कसा करणार? मुद्दा चर्चेच्या यादीत कधी येत नाही आणि प्रत्येक चर्चेत हजर असतो.

आणि चिली. तुम्हीच लिहिलंत की सिनेटच्या समितीने १९७५ मध्ये छापलं. म्हणजे सुमारे दोन वर्षांत. १९९९ पासून क्लिंटन सरकारने हजारो कागद खुले केले, चिलीच्या न्यायालयांना ते वापरता आले. ग्वाटेमालात १९५४ ला आर्बेंझ सरकार पाडलं, पुढे ३६ वर्षं यादवी आणि सुमारे दोन लाख बळी. तिथे १९९९ मध्ये क्लिंटन स्वतः गेले आणि अमेरिकेने दडपशाही करणाऱ्यांना साथ देणं चूक होतं असं म्हणाले. इराणच्या बाबतीत? परराष्ट्रमंत्री मॅडेलिन ऑलब्राइट २००० मध्ये भाषणात बोलल्या, ओबामा २००९ मध्ये कैरोत बोलले, सीआयएचे कागद २०१३ मध्ये आले. साठ वर्षांनी. तोवर जगाला सगळं ठाऊक होतं. कबुलीने फरक पडतो, पण ती वेळेवर यावी लागते. दोन वर्षांत आली तर ती माहिती असते. साठ वर्षांनी नुसती औपचारिकता.

काँगोचंही तसंच. तिथले पहिले पंतप्रधान लुमुंबा यांना जानेवारी १९६१ मध्ये मारलं. बेल्जियमने माफी मागितली २००२ मध्ये, आणि त्यांचा एकमेव अवशेष, एक दात, घरच्यांना परत मिळाला २०२२ मध्ये.

तात्या_दांडियाबाजार
शमिका, छान लिहितेस. तुझ्या "वेळेवर" या मुद्द्याला एक जोड देतो, आपल्या माणसाची.

एप्रिल १९५५. बांडुंग परिषदेला चिनी मंडळी घेऊन एअर इंडियाचं "काश्मीर प्रिन्सेस" विमान हाँगकाँगहून जकार्ताला निघालं. चीनचे पंतप्रधान चाउ एन-लाय त्यात असतील असा मारेकऱ्यांचा अंदाज होता, पण ते नव्हते. हाँगकाँगला विमानात बॉम्ब ठेवला गेला होता. समुद्रावर स्फोट झाला, १६ माणसं गेली, तिघं वाचले. वैमानिक कॅप्टन जटार. पेटलेलं विमान त्यांनी पाण्यापर्यंत आणलं म्हणून तिघं तरी जगले. त्यांना आणि हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. वाचलेल्यांत आपले अनंत कर्णिक होते, विमानाचे देखभाल अभियंता.

आमच्या वडिलांनी मला हे सांगितलं ते कॅप्टनच्या शौर्यासाठी. आता या धाग्याच्या निमित्ताने दुसरी बाजू दिसते. त्या एका स्फोटाने भारत, चीन आणि ब्रिटन यांच्यात किती वितुष्ट येऊ शकलं असतं! विमान आपलं, विमानतळ ब्रिटिशांचा, मेलेले बरेचसे चिनी. पण चौकशीत तिघांनी एकमेकांना माहिती दिली. आपल्याकडून रा. ना. काव गेले होते, तेच पुढे रॉचे पहिले प्रमुख झाले. हाँगकाँग सरकारने संशयिताचं नावही जाहीर केलं, तो तैवानला पळाला होता. गुन्हेगार हाती लागला नाही, पण आपापसांत विष कालवलं गेलं नाही.

सुऱ्या_सयाजीगंज
सगळं वाचलं. अमेरिका, ब्रिटन, बेल्जियम. आणि आपण? श्रीलंका कोणी काढणार आहे का?

गजानन_व्ही
हे मात्र बरं नाही. शेजारी देश आपल्याविरुद्ध काय काय करतात ते काढायचं सोडून आपल्याच एजन्सीकडे बोट दाखवायचं. आपल्या माणसांनी जे केलं ते देशासाठी केलं. अशा चर्चेचा फायदा कोणाला होतो ते बघा.

रावपुरेकर
गजाननराव, तुमचा राग समजतो. पण सुऱ्याने विचारलेलं टाळून हा धागा पुढे नेला तर मी अमेरिकेला विचारलेला प्रश्न खोटा ठरेल. जे श्रीलंकेबद्दल जाणतात त्यांनी लिहा. भाषा जपून.

तरसालीचा_भाचा
मग मी लिहितो. माझे सख्खे मामा सिग्नल्समध्ये होते, शांतिसेनेबरोबर जाफन्याला गेले होते. आता इथेच राहतात.

जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची कत्तल झाली. हजारो निर्वासित तमिळनाडूत आले. त्यानंतर आपल्या देशात तमिळ अतिरेकी गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रं दिली गेली. सरकार बाहेर नाही म्हणत राहिलं. कोलंबोला माहीत होतं, चेन्नईत तर रिक्षावाल्यालाही माहीत होतं. जून १९८७ मध्ये आपल्या विमानांनी जाफन्यावर अन्नाची पाकिटं टाकली, २९ जुलैला भारत-श्रीलंका करार झाला. दुसऱ्या दिवशी कोलंबोत सलामी घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, ते दृश्य सगळ्यांनी पाहिलंय. ऑक्टोबरमध्ये आपलंच सैन्य त्याच गटांतल्या तमिळ वाघांशी (एलटीटीई) लढत होतं. मार्च १९९० मध्ये परतेपर्यंत बाराशेच्या आसपास जवान गेले. मे १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या.

गजाननकाका, मामांनी देशासाठीच केलं. पण त्यांना जाताना कोणी सांगितलं नव्हतं की समोरच्या पोरांना सुरुंग पेरायला शिकवणारे आपल्याच देशातले आहेत. हे त्यांना तिथे, रस्त्यावर कळलं. लपवाछपवी फक्त परक्यांपासून होत नाही. सैनिकापासूनही होते. देशप्रेमी माणसाला याचाच जास्त संताप यायला हवा.

आणि आजच्या संबंधांबद्दल : २०२२ मध्ये श्रीलंकेचं दिवाळं निघालं तेव्हा आपण चार अब्ज डॉलरच्या घरात मदत केली, डिझेल पाठवलं, औषधं पाठवली. तिथल्या लोकांनी आभारही मानले. पण १९८७ च्या करारातून आलेली तेरावी घटनादुरुस्ती (प्रांतांना अधिकार देणारी) अमलात आणा असं दिल्लीने म्हटलं की सिंहली राजकारणात लगेच १९८७ आठवतं. तमिळांना वाटतं आधी वापरलं, मग वाऱ्यावर सोडलं. दोन्ही बाजूंचा आपल्यावर अविश्वास. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांसाठी चीनकडे गेलं त्याचं एकमेव कारण हे नाही, पैशाचं कारण मोठं आहे. पण दारात उभं राहून "आम्ही तुमचे" म्हणायला आपला आवाज लागत नाही, तो या जुन्या गोष्टीमुळे.

गजानन_व्ही
भाचेसाहेब, मामांना माझा नमस्कार सांगा. तुमच्या घरचं आहे म्हणून वाद घालत नाही. पण १९८३ च्या कत्तलीनंतर दिल्लीने हातावर हात धरून बसायला हवं होतं का? तमिळनाडूत काय पेटलं असतं? उघड सैन्य पाठवणं म्हणजे युद्ध. मधला रस्ता तोच होता.

विश्वामित्री
गजाननरावांचा प्रश्न रास्त आहे. गुप्त मार्ग बहुतेक वेळा दुष्टपणाने निवडला जात नाही, तो स्वस्त वाटतो म्हणून निवडला जातो. आयझेनहॉवरनाही तेच वाटलं होतं : सैन्य न उतरवता इराणचा प्रश्न सुटतोय. १९७९ च्या जुलैत कार्टरनी अफगाण बंडखोरांना गुप्त मदत सुरू केली तेव्हा रक्कम किरकोळ होती. पुढे ती कुठवर गेली आणि काश्मीरपर्यंत तिचे चटके कसे पोचले ते आपण भोगलं.

शमिकाचा तहाचा मुद्दा मला पटला, तेवढ्यापुरतं माझं म्हणणं मागे घेतो. पण एक सांग : भारताने उद्या श्रीलंकेच्या फायली उघडल्या तर संबंध सुधारतील, की तिथल्या प्रत्येक पक्षाला आयतं कोलीत मिळेल?

शमिका_फतेगंज
काका, कोलीत मिळेल. काही महिने गदारोळ होईल. पण आज जे कोलीत फिरतंय ते अफवेचं आहे, आणि अफवेला उत्तर देता येत नाही. कागदाला देता येतं. कागद आले तर हेही दिसेल की १९८३ मध्ये दिल्लीसमोर कुठले पर्याय होते, कोणी विरोध केला, कोणी सावध केलं. गजाननकाका म्हणतात तो मधला रस्ता खरंच एकच होता का, ते तेव्हाच कळेल. आज त्यांची बाजूसुद्धा सिद्ध करता येत नाही.

आपल्याकडे अडचण अशी की माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ खाली रॉ आणि आयबी वगळलेल्या आहेत. १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ मध्ये तयार झाला, तो सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. स्वतःच्या पराभवाचा अहवाल जो देश उघडत नाही, तो गुप्त मोहिमेचा कसा उघडेल? तीस वर्षांनी कागद आपोआप खुले व्हावेत, अपवाद हवा असेल तर संसदेला कारण द्यावं, एवढं तरी मागायला हरकत नसावी.

रावपुरेकर
प्रश्न विचारला तेव्हा कबुली उपयोगाची असेल की नाही याबद्दल मी साशंक होतो. शमिकाची दोन वर्षं आणि साठ वर्षं ही तुलना वाचून माझं मत पक्कं झालं : उपयोगाची, पण ज्यांनी भोगलं ते हयात असताना. आबादानमध्ये काम केलेले वयस्क लोक मला नोकरीच्या सुरुवातीला भेटले होते. कंपनीने तिथे पूर्वी आपल्याकडचे पुष्कळ कामगार नेले होते. त्यांच्याकडून ऐकायला हवं होतं ते सगळं ऐकायचं राहिलं. भाचेसाहेब, मामांशी कोणी बोलून लिहून ठेवलंय का?

तरसालीचा_भाचा
नाही. घरातही तुकड्या-तुकड्यानेच बोलतात.

ज्यूबिलीबाग
शमिका, तुझ्या प्रबंधाचा विषय ठरला नसेल तर हा घे. १९८३ ते ८७ मधली संसदेतली प्रश्नोत्तरं छापील मिळतात. सरकारने तेव्हा काय सांगितलं आणि मामांनी तिथे काय पाहिलं, हे शेजारी शेजारी ठेव.

शमिका_फतेगंज
मॅडम, मार्गदर्शकांना विचारते. भाचेदादा, मामा बोलतील का? नाव, पलटण काहीही छापणार नाही.

तरसालीचा_भाचा
आत्ताच फोन करून विचारलं. हो म्हणाले, रविवारी सकाळी ये. एक अट घातली आहे. फक्त त्यांचं ऐकून लिहायचं नाही. त्या वर्षांत जाफन्यात राहिलेलं एक तरी तमिळ कुटुंब शोधायचं आणि त्यांनाही हेच प्रश्न विचारायचे. चेन्नईत त्यांच्या ओळखीचं कोणी आहे, पत्ता देतो म्हणाले.